डिसेंबरच्या सुरुवातीला केदारकंठा: बर्फ आणि वाऱ्याचे अंदाज कसे वाचावेत?

बालाघाटवासी (सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

सोलापुरातील आम्ही काही जण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातील केदारकंठ्याला जाण्याच्या तयारीत आहोत. शिखर सुमारे ३,८०० मीटर उंच आहे आणि पायथ्याचे सांकरी हे गाव सुमारे १,९५० मीटरवर आहे. आमचा सराव रामलिंगच्या डोंगरात, तुळजापूरच्या घाटात आणि सुट्ट्या मिळाल्या की सह्याद्रीत होतो. त्यामुळे ऊन, तहान आणि घाटमाथ्यावरचा पाऊस आम्हाला ठाऊक आहे, परंतु बर्फाशी आणि बर्फावरून येणाऱ्या वाऱ्याशी आमच्यापैकी बहुतेकांचा अजून संबंध आलेला नाही.

आमची अडचण हवामानाच्या अंदाजांची आहे. एकाच दिवसासाठी एक संकेतस्थळ ३ सेंटिमीटर बर्फ सांगते, दुसरे १८ सेंटिमीटर सांगते आणि मोबाइलमधले ॲप स्वच्छ सूर्यप्रकाश दाखवते. वाऱ्याचेही तसेच आहे: एके ठिकाणी ताशी १२ किलोमीटर, तर दुसरीकडे ताशी ४५ किलोमीटर. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, हे आम्हाला समजत नाही.

सोलापूरहून निघताना आणखी एक प्रश्न उभा राहतो. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तेथून डेहराडून आणि मग मोटारीने पूर्ण दिवसाचा घाटरस्ता असा प्रवास करूनच सांकरी गाठावी लागते. पुण्या-मुंबईचे लोक आयत्या वेळी विमानाने जाऊ शकतात, तसे आम्हाला जमत नाही. म्हणून किती दिवस आधीच्या अंदाजावर निर्णय घेणे योग्य ठरेल, वाऱ्याचा कोणता वेग दिसला की शिखराचा नाद सोडावा, आणि हंगामाच्या सुरुवातीला बर्फ कमी असतो म्हणजे धोकाही कमी असतो असे समजावे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. गटात पंचावन्नच्या पुढचे दोघे आणि एक सतरा वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे हे विचारणे मला अगत्याचे वाटते.

हवापाणी (पुणे) यांचे उत्तर

नमस्कार. आपण विचारलेल्या तीनही आकड्यांपैकी एखादा खोटा असेलच असे नाही. ही संकेतस्थळे बहुधा तीन वेगवेगळ्या उंचींसाठी उत्तर देत आहेत, आणि डोंगराचा अंदाज वाचताना सर्वांत आधी हाच खुलासा करून घ्यावा लागतो.

हवामानाचे संगणकीय प्रारूप पृथ्वीचा पृष्ठभाग चौकोनांत विभागते. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या मुख्य प्रारूपात हा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा असतो, अमेरिकेच्या जीएफएस प्रारूपात सुमारे १३ किलोमीटरचा, तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेल्या आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिममध्ये ६ किलोमीटरचा. सोलापूरच्या पठारावर ६ काय किंवा १३ काय, फारसा फरक पडत नाही, कारण चौकोनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमिनीची उंची जवळपास तीच राहते. सांकरीजवळ मात्र तेवढ्याच अंतरात नदीचे पात्रही येते आणि शिखरही येते, आणि प्रारूप त्या साऱ्यांची सरासरी काढून एक गुळगुळीत उतार गृहीत धरते. शिखर त्याला प्रत्यक्षापेक्षा बुटके दिसते आणि दरी उथळ दिसते. मोबाइलमधील सर्वसाधारण ॲप गावाच्या उंचीचे हवामान सांगते, तर माउंटन-फोरकास्टसारखे संकेतस्थळ त्याच शिखरासाठी निरनिराळ्या उंचींचे वेगवेगळे अंदाज देते. आपल्याला एकीकडे ऊन आणि दुसरीकडे १८ सेंटिमीटर बर्फ दिसला, त्यामागे हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

तापमानाचा हिशेब आपण स्वतःही करू शकता. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने तापमान उतरते. सांकरी आणि शिखर यांच्यात सुमारे १,८५० मीटरचा फरक आहे, म्हणजे साधारण १२ अंश. गावात ४ अंश असताना माथ्यावर उणे ८ अंश धरून चालावे. निरभ्र आणि शांत रात्री थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि हा हिशेब काही तास उलटतो, परंतु वारा सुटला की तो पुन्हा लागू पडतो.

बर्फाच्या बाबतीत मी सेंटिमीटरच्या आकड्याकडे शेवटी पाहतो. आधी दोन गोष्टी पाहाव्यात: शून्य अंशाची पातळी, म्हणजे जेथे हवेचे तापमान शून्य अंश होते ती उंची, किती मीटरवर आहे, आणि एकूण किती मिलिमीटर पाणी पडणार आहे. ढोबळमानाने १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर ताजा बर्फ होतो. हवा फार थंड व कोरडी असेल तर तोच दीड सेंटिमीटरपर्यंत फुगतो आणि ओलसर असेल तर सेंटिमीटरही भरत नाही. संकेतस्थळे हे गुणोत्तर आपापल्या पद्धतीने लावतात, म्हणून पाण्याचा आकडा जुळत असतानाही बर्फाचा आकडा जुळत नाही. शून्य अंशाची पातळी त्याहून महत्त्वाची आहे. बर्फाचे कण त्या पातळीखाली सुमारे दोनशे-तीनशे मीटर उतरेपर्यंत टिकतात आणि मग वितळतात. समजा ही पातळी ३,२०० मीटरवर आहे. अशा वेळी वरच्या तळावर बर्फ पडत असताना वाटेतल्या जुडा का तालाब या मुक्कामी, म्हणजे सुमारे २,७७० मीटरवर, थंड पाऊस पडत असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला असे घडू शकते, आणि माझ्या मते नवख्या गटासाठी हिमवृष्टीपेक्षा ही परिस्थिती अधिक वाईट आहे. कोरडा बर्फ कपड्यांवरून झटकता येतो. शून्याच्या जरा वरचा पाऊस मात्र कपडे, मोजे आणि झोपण्याची पिशवी भिजवतो, आणि संध्याकाळी पारा उतरला की भिजलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान वेगाने घसरू लागते.

आता किती दिवस आधी, या प्रश्नाकडे येतो. हिवाळ्यात पश्चिम हिमालयात बर्फ आणणारी मुख्य यंत्रणा म्हणजे पश्चिमी चक्रावात (वेस्टर्न डिस्टर्बन्स). भूमध्य समुद्राच्या आसपास तयार होणाऱ्या या प्रणाली वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. एवढी मोठी प्रणाली सरकत येताना पाच ते सात दिवस आधी बऱ्यापैकी दिसते. ती उत्तरकाशीवर, म्हणजे केदारकंठा ज्या जिल्ह्यात आहे त्यावर, नेमकी कोणत्या दिवशी पोहोचेल आणि किती पाणी टाकेल, हे दोन-तीन दिवस आधी सांगता येते. डोंगराच्या एखाद्या विशिष्ट धारेवरचा वारा आणि ढग यांच्याबद्दल आदल्या दिवशीच्या अंदाजावरच काही ठरवावे. आरक्षणाच्या वेळी, म्हणजे ६० दिवस आधी, जे काही पडद्यावर दिसते त्याला अंदाज म्हणूच नये; ती त्या काळातील सरासरी असते. नोव्हेंबर हा पश्चिम हिमालयातील सर्वांत कोरड्या महिन्यांपैकी एक आहे आणि डिसेंबरची सुरुवातही पुष्कळदा तशीच जाते, एवढेच त्यावरून समजते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तर गुलमर्गसारख्या ठिकाणीसुद्धा जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत पुरेसा बर्फ नव्हता.

निरनिराळ्या प्रारूपांत मतभेद असेल तर तो मतभेद हीच एक माहिती आहे. मेटिओब्लू या हवामानाच्या संकेतस्थळावर अनेक प्रारूपांच्या रेषा एकाच आलेखात पाहता येतात. रेषा एकमेकींना चिकटून जात असतील तर त्या दिवसाबद्दल निश्चिंत व्हावे, आणि त्या फाकल्या असतील तर त्यांतील सर्वांत प्रतिकूल रेषा धरून तयारी करावी. सोयीची रेषा निवडण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो आणि गटप्रमुखाने तो कठोरपणे टाळला पाहिजे.

हिमवाट (सोलापूर) यांचे उत्तर

हवापाणी यांनी उंचीचा मुद्दा फार चांगला मांडला आहे. मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून मूलभूत अभ्यासक्रम केला आहे. तेथे शिकलेल्या आणि नंतर डोंगरात पडताळलेल्या गोष्टींच्या आधारे वारा आणि सुरुवातीचा बर्फ यांविषयी लिहिते.

गटातील चर्चा नेहमी बर्फ किती पडेल याभोवती फिरते, परंतु माघारी फिरण्याचा निर्णय बहुतेक वेळा वारा घ्यायला लावतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ३,८०० मीटरवर हवा विरळ, समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश घनतेची असते, त्यामुळे दाब काहीसा कमी जाणवतो हे खरे. गारठ्याच्या बाबतीत मात्र ही सवलत पुरेशी नाही. उणे १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २१ अंशांइतका गारठा जाणवतो. पहाटे तीनला तळावरून निघणाऱ्या माणसाच्या बोटांना आणि नाकाच्या शेंड्याला तो तासन्‌तास सोसायचा असतो.

अंदाजातील वारा वाचताना दोन खाचा ओळखाव्यात. पहिली खाच सरासरी वारा आणि झोत, म्हणजे मधूनच येणारा जोराचा झपाटा, यांच्यातली. ताशी २५ किलोमीटर सरासरी आणि ताशी ५५ किलोमीटरचे झोत असा अंदाज असेल तर धारेवर आपला तोल दुसरा आकडा ठरवतो. दुसरी खाच पुन्हा उंचीची. सर्वसाधारण नकाशावरचा वारा जमिनीपासून दहा मीटरवरचा असतो, आणि तोही प्रारूपाच्या त्या गुळगुळीत जमिनीपासून. उघड्या शिखरावरचा वारा मोकळ्या वातावरणातील वाऱ्याच्या जवळपास असतो. म्हणून विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर उंचीची पट्टी सरकवून ७०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक), म्हणजे सुमारे ३,००० मीटर, आणि ६०० हेक्टोपास्कल, म्हणजे सुमारे ४,२०० मीटर, हे दोन्ही थर पाहावेत. केदारकंठ्याचा माथा या दोहोंच्या मध्ये, वरच्या थराकडे झुकलेला आहे. आपल्याला दिसलेले १२ आणि ४५ हे आकडे अनुक्रमे दरीतले आणि या थरातले असावेत असा माझा कयास आहे.

बर्फ कमी म्हणजे धोका कमी, हा समज कृपया सोडून द्यावा. हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ पातळ असतो, त्याखालची जमीन अजून उबदार असते आणि रात्रीची हवा मात्र अतिशय थंड असते. वीतभर जाडीच्या थरात वर आणि खाली तापमानाचा इतका मोठा फरक पडला की आतील कणांचे रूप बदलते, ते जाड साखरेसारखे सुटे होतात आणि एकमेकांना धरून ठेवत नाहीत. उत्तरेकडील, ऊन न लागणाऱ्या उतारांवर हा कमकुवत थर आठवडेच्या आठवडे टिकतो. त्यावर नवा बर्फ पडला, किंवा नवा बर्फ न पडताही वाऱ्याने आणून टाकला, की वरचा थर पाटासारखा सरकू शकतो. ताजा कोरडा बर्फ ताशी साधारण २५ ते ३० किलोमीटरच्या वाऱ्यात उडू लागतो आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला साचतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा ही साठवण कित्येक पट वेगाने होते. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेकडील आणि ईशान्येकडील उतार भरत जातात. म्हणून ‘हिमवृष्टी नाही, आकाश निरभ्र, वारा जोराचा’ असा अंदाज पर्यटकाला आनंदाचा वाटला, तरी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर जाणाऱ्याने तो इशारा म्हणून वाचावा. उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेल्या हिमस्खलनात माझ्याच संस्थेच्या तुकडीतील माणसे गेली. दिनदर्शिकेवर हिवाळा तेव्हा सुरूही झालेला नव्हता.

केदारकंठ्याचा रोजचा मार्ग हिमस्खलनासाठी कुप्रसिद्ध नाही, हेही सांगायला हवे. आपल्याला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. तेथे सुरुवातीच्या काळात अधिक त्रास देतात ते पातळ बर्फाखाली लपलेले दगड, नीट न गोठलेले ओढे आणि दिवसा वितळून रात्री काचेसारखी घट्ट होणारी पायवाट. बुटांना लावायचे काटे भाड्याने घेताना ते आपल्या बुटांवर बसतात का, हे गावातच तपासून घ्यावे.

बालाघाटवासी

आपणा दोघांचे मनापासून आभार. हिमवाट ताई, वाऱ्याचा आकडा आपण अजून स्पष्ट सांगितला नाही. आमच्यासारख्या गटाने कोठे थांबावे? आणि दुसरे असे की, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील बंगालच्या उपसागरातील वादळांचा तिकडच्या बर्फाशी काही संबंध असतो का? ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेली प्रणाली थेट सोलापूर-पंढरपूरपर्यंत पोहोचली आणि तिने किती नुकसान केले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून विचारतो.

हिमवाट

आपल्या गटाची रचना पाहता माझे मत असे: माथ्याच्या थरातील वारा ताशी ३० किलोमीटरच्या आत आणि झोत ४० च्या आत असतील तर निघावे. झोत ५० च्या पुढे दिसत असतील तर त्या पहाटे तळ सोडू नये. ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वाऱ्यात सपाटीवरसुद्धा समोर चालणे कष्टाचे होते. तेथे तर चढ आहे, अंधार आहे आणि पायाखाली बर्फ आहे. मधल्या पट्ट्यात निर्णय स्थानिक वाटाड्यावर सोपवावा आणि त्याने नको म्हटले तर वाद घालू नये. हे आकडे कोणत्याही नियमावलीतले नाहीत. अनुभवी गिर्यारोहक याहून अधिक वाऱ्यात जातात, पण सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन मी जाणार नाही.

सिद्धेश्वर पेठ (सोलापूर) यांचे उत्तर

उपसागराच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण या विषयाकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि हंगामाच्या सुरुवातीचे मोठे अपघात याच वाटेने आलेले आहेत.

हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकले आणि दोनच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, नेपाळमध्ये ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात प्रचंड हिमवृष्टी झाली. त्या आपत्तीत चाळीसहून अधिक माणसे दगावली. विशाखापट्टणमच्या वादळाची बातमी जगभर पोहोचलेली असताना खिंडीकडे चालणाऱ्या अनेकांपर्यंत तिचा अर्थ पोहोचला नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ ते १९ तारखांना पश्चिमेकडून आलेली प्रणाली आणि पूर्वेकडील बाष्प यांची उत्तराखंडावर गाठ पडली. कुमाऊँत विक्रमी पाऊस झाला आणि उत्तराखंडातील हर्सिलहून हिमाचलातील चितकुलकडे लमखागा खिंडीने निघालेल्या गटातील पदभ्रमण करणारे बर्फात मृत्युमुखी पडले. तात्पर्य, उपसागरात प्रणाली असेल आणि त्याच वेळी वायव्येकडून चक्रावात येत असेल, तर उत्तरकाशीचा अंदाज कितीही सौम्य दिसत असला तरी तो रोज नव्याने तपासावा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही शक्यता ऑक्टोबरच्या तुलनेत कमी असते, तरीही नोव्हेंबरअखेर उपसागराचा नकाशा पाहायला एक मिनिट लागतो.

ॲपच्या बाबतीत मात्र हवापाणी यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. प्रारूपांच्या रेषा पाहणे चांगलेच, परंतु नवख्याने सुरुवात तेथून करू नये. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या डेहराडून केंद्राचे जिल्हावार इशारे आधी वाचावेत. उत्तरकाशीसाठी पिवळा, नारिंगी की लाल रंग आहे आणि मजकुरात हिमवृष्टी कोणत्या उंचीच्या वर सांगितली आहे, हे त्यात हिंदीत स्पष्ट असते. त्या पत्रकामागे माणसाचा विचार असतो. उपग्रहाची चित्रे आणि अनेक प्रारूपे पाहून ते तयार केलेले असते. हिमस्खलनाच्या धोक्यासाठी चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था एक ते पाच अशा श्रेणीत इशारे देते. पूर्वी मनालीला जी हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था होती, तिचे काम २०२० पासून या संस्थेकडे आले. आपल्याकडे या इशाऱ्यांची फारशी ओळख नाही, याची मला खंत वाटते.

आरक्षणाबद्दल एवढेच सुचवतो की, परतीचे तिकीट एक दिवस पुढचे काढा. वारा आणि बर्फ यांची बहुतेक गाठ एका दिवसाच्या थांब्याने सुटते, कारण चक्रावात साधारणपणे एक-दोन दिवसांत पुढे सरकतो. ज्यांच्याकडे तो दिवस नसतो तेच वाईट हवामानात वर चढतात. सोलापूरहून निघण्याच्या आदल्या रात्री पाच दिवसांचा अंदाज पाहावा. नारिंगी इशारा असेल तर निघणे पुढे ढकलण्याची चर्चा तेथेच, घरच्यांसमोर करावी. डेहराडूनला पुन्हा पाहावे. सांकरीत शेवटचा अंदाज घेऊन तो कागदावर लिहून घ्यावा, कारण पुढे मोबाइलचा भरवसा नाही.

हवापाणी

सिद्धेश्वर पेठ यांची सुधारणा मला मान्य आहे. पत्रक आधी आणि रेषा नंतर, हा क्रम नवख्यांसाठी योग्यच आहे. दोन तांत्रिक बाबी जोडतो. विभागाच्या पावसाच्या नोंदी सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० अशा चोवीस तासांच्या असतात, त्यामुळे ‘५ तारखेची’ नोंद म्हणजे बहुतांशी ४ तारखेचे हवामान, हे ध्यानात ठेवावे. प्रारूपांच्या मुख्य आवृत्त्या भारतीय वेळेनुसार पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर आधारलेल्या असतात आणि त्यांचे निष्कर्ष काही तासांनी उपलब्ध होतात. सांकरीत रात्री जेवणानंतर घेतलेल्या अंदाजावर कोणत्या वेळेची आवृत्ती आहे, हे कोपऱ्यात लिहिलेले असते. ते न पाहता सकाळचाच जुना अंदाज कागदावर उतरवला जाण्याची शक्यता असते.

हिमवाट यांनी सांगितलेल्या दोन थरांमधून माथ्याचा वारा काढायचा असेल तर सरळ प्रमाण लावावे. ३,००० ते ४,२०० या बाराशे मीटरमध्ये ३,८०० मीटर ही उंची दोन तृतीयांश अंतरावर येते. खालच्या थरात ताशी २० किलोमीटर आणि वरच्या थरात ५० असेल तर माथ्यावर सुमारे ४० धरावे आणि झोतांसाठी त्यात भर घालावी. हा हिशेब दिवसाच्या सरासरीवर करू नये. पहाटे तीन ते सकाळी दहा या तासांसाठी वेगळा करावा, कारण तुमचा गट धारेवर असेल तो याच वेळी. दुपारी ऊन तापल्यावर दरीतून वर चढणारे वारे आणि ढग यांचा विचार उतरताना करावा लागेल.